गल्ल्यातला मायक्रोस्कोप: आडतीवर वर्षभर वापरून

अमळनेरला धान्याच्या आडतीवर मी हिशोबाला बसते. दादर ज्वारी, मका, हरभऱ्याच्या हंगामात दिवसभर रोख हाताखालून जाते. ऑनलाइन २८० रुपयांना घेतलेला हा बोटभर मायक्रोस्कोप वर्षभर गल्ल्यातच आहे. ६० पट मोठं दाखवतो. दिवे दोन, एक पांढरा, एक जांभळा.

लोक जांभळ्या दिव्याच्या भरवशावर हा घेतात आणि तिथेच चुकतात. खऱ्या नोटेचा कापसाचा कागद त्या उजेडात मंद राहतो, नंबर आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. झेरॉक्सचा कागद मात्र निळसर पेटतो. मार्चमध्ये आमच्याकडे चाळण मारणाऱ्या मावशींची ५०० ची नोट अख्खी निळी चमकली. किराणावाल्याने ती आधीच परत केली होती. मावशींचे डोळे भरून आलेले. "ताई, मना घामना पैसा शे हाऊ, खोटा कसा व्हई?"

मी पांढरा दिवा लावून नोट इंच इंच बघितली. प्रिंटरवर काढलेली नोट भिंगाखाली निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांत फुटते. इथे रेघा सलग होत्या. नोट तिरपी केली, तर धागा हिरव्याचा निळा झाला. गांधीजींच्या चित्रावर बोट फिरवलं, छपाई उठावाची लागली. मग विचारलं, "मावशी, नोट धुण्यात गेली होती का?" लुगड्याच्या गाठीत राहिली होती. कपडे उजळ दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे रसायन असतं, तेच कागदात मुरून चमकत होतं. नोट मी गल्ल्यात घेतली आणि त्यांना दुसरी दिली.

काटापट्टीवरही, म्हणजे वजनाच्या चिठ्ठीवरही, एकदा कामी आला. ११ क्विंटलचे १७ झाले होते, इंग्रजी १ च्या डोक्यावर आडवी रेघ ओढून. नुसत्या डोळ्यांना शाई एकच. भिंगाखाली ती रेघ आधीच्या शाईवरून गेलेली आणि सुरुवातीला पेन थबकल्याचा गोळा दिसला. तरी मी कुणावर आरोप केला नाही, काट्यावरून कार्बन प्रत मागवली. तिच्यावर ११ च होते.

सह्यांच्या वादात मात्र याच्यावर विसंबू नका. ते हस्ताक्षर तज्ज्ञांचं काम आहे. त्यांना मूळ कागद आणि त्याच काळातल्या बिनवादाच्या सह्या लागतात, झेरॉक्सवर पेनाचा दाब कळत नाही. कोर्टात त्यांचं मत विचारात घेतात, पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली.

तक्रारी आहेत. हात जरा हलला की चित्र पळतं, म्हणून कोपर टेबलावर टेकवावं लागतं. उन्हात जांभळा दिवा काहीच दाखवत नाही, मी टेबलाखाली धरते. तीन बटण सेल लागतात आणि हंगामात ते लवकर बसतात. फोकसचं चाक धुळीने अडकतं, आडतीवर धूळ तर असणारच.

पाचपैकी चार. माझ्या भावाच्या कृषी केंद्रासाठी दुसरा मागवला आहे. त्याला सांगितलंय, पहिले आठ दिवस बँकेतून आणलेल्या कोऱ्या नोटाच बघ.