३७० झेडवर नायट्रस: दहा महिने आणि चार डायनो भेटींनंतर

डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणारं यंत्र) माझ्या गाडीचा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा मे महिन्यात आला, चाकांवर ३५१ एचपी. त्याच रननंतर मी गाडी रोलरवरून खाली उतरवली आणि स्पार्क प्लग खोलायला घेतले. नायट्रस (इंजिनाला जादा ऑक्सिजन देणारा नायट्रस ऑक्साइड वायू) बसवायचा विचार करणाऱ्यांना त्या दिवसाचा खूप उपयोग होईल असं मला वाटतं, म्हणून लांबलचक लिहितोय.

गाडी निसान ३७० झेड, ३.७ लिटर व्ही सिक्स, सेकंड हँड घेतलेली. किट ७५ एचपीचं, वेट प्रकारचं, म्हणजे नायट्रसबरोबर लागणारं जादा पेट्रोलही त्याच नोझलमधून जातं. या इंजिनाला दोन थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणाऱ्या झडपा) आहेत, म्हणून नोझलही दोन, एकेका बँकेला, म्हणजे तीन सिलिंडरांच्या ओळीला, एक. फिटिंग नोव्हेंबरात नवी मुंबईतल्याच एका गॅरेजमध्ये झालं, डायनो पावण्याच्या एमआयडीसीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. रस्त्यावर मी हे वापरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही, आणि पाम बीच रोडवर रात्री जे चालतं त्यात लोकांचे जीव गेले आहेत. बंद धावपट्टीवरचे ड्रॅगचे दिवस आणि डायनो, बस. गाडी तिथेही ट्रेलरवरून नेतो. एरवी बाटली गाडीतून काढलेली असते.

नायट्रस बसवण्याआधी गाडीने २७१ दिले होते. नायट्रसवर पहिल्या दिवशी ३३८. आकड्यापेक्षा मला आवडला तो टॉर्कचा आलेख. नोझलमधून सेकंदाला जाणारा गॅस जवळपास ठरलेला असतो. त्यामुळे इंजिन हळू फिरत असताना प्रत्येक स्ट्रोकच्या वाट्याला तो जास्त येतो. ७५ एचपी ३५०० आरपीएमला मिळाले तर टॉर्क साधारण १५० न्यूटन मीटरने वाढतो, तेच ७००० ला निम्म्याने. म्हणूनच खालच्या आरपीएमला नायट्रस सोडला की कनेक्टिंग रॉडवर घाव बसतो. आमचा विंडो स्विच (ठरावीक आरपीएममध्येच नायट्रस सोडू देणारा) ३५०० ला चालू होतो, ७२०० ला बंद, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असल्याशिवाय सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) उघडतच नाही. ठिणगीचं टायमिंग चार अंश मागे घेतलं, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घातले, गॅप कंपनीच्या १.१ वरून ०.८ मिलिमीटरवर आणला. या बाबतीत ट्यूनर दादांनी कुठेही घाई केली नाही, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

एएफआरऐवजी (हवा आणि इंधनाचं प्रमाण) लॅम्डा (तेच प्रमाण, पण त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाच्या तुलनेत; १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त) बघायचा आग्रह मात्र माझा होता. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, त्यामुळे शुद्ध पेट्रोलचा १४.७ हा आदर्श एएफआर आपल्या इंधनाला जसाच्या तसा लागू होत नाही. नायट्रसवर आमचं लक्ष्य लॅम्डा ०.८०, आणि नोव्हेंबरात तो तिथेच होता.

आता मे महिना. गाडी शेडबाहेर उन्हात दोन तास उभी, बाटली डिकीत. गेजवर ११८० पीएसआय. नोव्हेंबरात ट्यूनिंग झालं ते ९४० वर. दादा म्हणाले, "दाब जास्त म्हणजे पॉवर जास्त, चांगलंच आहे की." पहिला रन झाला, ३५१ आले, शेडमधल्या पोरांनी टाळ्याही वाजवल्या. माझं लक्ष आलेखाच्या शेवटच्या भागाकडे होतं. ६२०० पर्यंत रेघ सुरेख चढली होती, तिथून पुढे करवतीच्या दात्यांसारखी. इंजिनात नॉक झालं (मिश्रण आपोआप पेटून ठोका बसला) की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टायमिंग ओढून घेतो, मग सोडतो, पुन्हा ओढतो, त्याचे ते दाते. "दुसरा रन मारू का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नको दादा, आधी प्लग बघू."

सहापैकी तीन प्लग ठीक होते. बाकीच्या तिघांच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके होते, आणि चार नंबरच्या प्लगवर, भिंगातून पाहिलं तर, त्यातले दोन चकाकत होते. ते ॲल्युमिनियम. म्हणजे पिस्टनचा पृष्ठभाग उडायला लागला होता. तिन्ही प्लग एकाच, डाव्या बँकेचे, २-४-६.

डायनोचा लॅम्डा मोजणारा प्रोब सायलेन्सरच्या टोकाला लावलेला असतो, आणि या गाडीत दोन्ही बँकांचे पाइप मागे एकत्र येतात. प्रोबला दिसत होता तो दोघांचा सरासरी लॅम्डा, ०.८६. ईसीयूचा लॉग काढून दोन बँका वेगळ्या पाहिल्या, तर उजवी ०.८२ आणि डावी ०.९०. वाढलेल्या दाबाने दोन्हीकडे थोडं लीन झालं होतं (इंधन कमी पडत होतं), पण डावीकडे आणखी काहीतरी होतं. डावीकडचा पेट्रोलचा जेट (प्रवाह ठरवणारी बारीक भोकाची चकती) खोलला. त्याच्या भोकात टेफ्लॉन टेपचा एक तुकडा अडकला होता, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. आमचा रबाळ्यात व्हॉल्व्ह दुरुस्तीचा छोटा कारखाना आहे, टेफ्लॉन टेप माझ्या रोजच्या हातातली. पाण्याच्या नळाला ती चालते. एवढ्या बारीक जेटच्या लाइनमध्ये ती कधीही लावू नये, द्रव सीलंट वापरावं, तेही पहिले दोन आटे सोडून. फिटिंग करणाऱ्याने टेप गुंडाळली होती. किटच्या पुस्तिकेत तसं न करण्याची सूचना स्पष्ट छापलेली आहे. या गोष्टीचा मला अजून राग आहे.

दाबाचं मात्र आपल्या हवेशी थेट नातं आहे. नायट्रस ऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस. त्याच्यावर बाटलीत द्रव उरतच नाही, दाब भराभर चढतो, घनता बदलते आणि जेटमधून काय जाईल याचा भरवसा राहत नाही. अमेरिकेतल्या सगळ्या व्हिडिओंमध्ये बाटलीचा हीटर दाखवतात. नवी मुंबईत मार्च ते जून आपल्याला उलटं काम करायचं असतं. मी बाटली सोबत आइसबॉक्समध्ये नेतो, ओलं पंचं गुंडाळून, आणि बाटलीला चिकटवलेलं थर्मामीटर ३२ दाखवेल तेव्हाच रन घेतो. ३२ अंशाला दाब आपोआप ९५० च्या आसपास येतो.

गेज बघून बाटलीत किती गॅस उरला हे मात्र कळत नाही. द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, बाटली पूर्ण असो की पाव. त्यासाठी वजनकाटाच हवा. माझ्या साडेचार किलोच्या बाटलीतून दहा सेकंदांच्या एका रनला सुमारे ३०० ग्रॅम जातात. रिफिल ही या सगळ्यातली सगळ्यात कटकटीची बाब. दर वेळी फोनाफोनी आणि दोन-तीन दिवस वाट पाहणं.

पावसाळ्यातल्या चौथ्या भेटीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. डायनो हवेप्रमाणे आकडा सुधारून छापतो, २५ अंशाची प्रमाण हवा धरून. पण नायट्रस आपला ऑक्सिजन स्वतः घेऊन येतो, दमट हवेने तो कमी होत नाही. सुधारणेचा गुणक मात्र सगळ्या पॉवरवर लागतो, त्यामुळे नायट्रसचा वाटा फुगून दिसतो. मी आता दोन्ही रन, नायट्रससह आणि नायट्रसविना, एकाच दिवशी विनासुधारणा छापून घेतो आणि फरक पाहतो. तो ६५ ते ६८ च्या दरम्यान येतो, आणि मला तेवढा पुरे आहे.

किट म्हणून पाहिलं तर दहा महिन्यांत सोलेनॉइड एकदाही अडकलं नाही, गळती नाही. दुरुस्तीनंतर दोन्ही बँका ०.८० आणि ०.८१ वर आहेत. मे महिन्यात बोअरस्कोपने (सिलिंडरमध्ये घालायचा बारीक कॅमेरा) पाहिलं होतं, चार नंबरच्या पिस्टनच्या कडेला नखाएवढा खरबरीत भाग दिसला. कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरांना सारखं मिळालं, म्हणून इंजिन खोललं नाही. गेल्या आठवड्यात परत पाहिलं, तो भाग वाढलेला नाही. पुढचा ड्रॅगचा दिवस येईपर्यंत दर तीन रननंतर चार नंबरचा प्लग काढून बघणार आहे.