पॅकेट ट्रेसर की जीएनएस३? नेटवर्किंगचा कोर्स बांधायला बसलात तर

नेटवर्किंग शिकवणारा कोर्स कॉम्प्युटरवर बांधायचाय आणि लॅब सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरमध्ये करावी की जीएनएस३ मध्ये, इथे घोडं अडलंय? दोन्ही कॉम्प्युटरच्या पडद्यावरच नेटवर्क बांधून सराव करायची सॉफ्टवेअर. माझंही तिथेच अडलं होतं. समोर डिप्लोमाची मुलं, चार जीबी रॅमचे पीसी, आणि माझा स्वतःचा ओढा जीएनएस३ कडे.

ओढा उगाच नव्हता. जीएनएस३ मधलं डायनामिप्स सिस्कोच्या राउटरचं खरं आयओएस, म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, चालवतं. दोन राउटरमधल्या लिंकवर वायरशार्क (येणारी-जाणारी पाकिटं टिपणारं सॉफ्टवेअर) लावला, की ओएसपीएफचे (राउटरनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत) हॅलो दर १० सेकंदांनी खरेखुरे येताना दिसतात. पॅकेट ट्रेसर ही शेवटी नक्कल. त्यात घातल्यात तेवढ्याच कमांड चालणार. आयओएसची इमेज, म्हणजे त्याची फाईल, मात्र जीएनएस३ सोबत मिळत नाही, ती रीतसर मिळवावी लागते. तेही मी निभावलं असतं.

पण आयडल-पीसी! राउटर रिकामा बसला असला तरी डायनामिप्स प्रोसेसर पिळून काढतं. आयओएस नेमकं कुठे नुसतं थांबून असतं, तो आकडा म्हणजे आयडल-पीसी; तो भरला की मग शांत होतं. मी आकडा फळ्यावर लिहून दिला. एकाने त्यातलं एक शून्य गाळलं, दुसऱ्याकडे इमेजच वेगळ्या व्हर्जनची. "सर, माऊस हलेना." दोन तासांच्या प्रॅक्टिकलमधला पाऊण तास पंख्यांची घरघर ऐकण्यात गेला आणि स्टॅटिक राउट (राउटरला हाताने नेमून द्यायचा रस्ता) शिकवायचा तसाच राहिला.

पॅकेट ट्रेसरमध्ये पाच मिनिटांत सगळे कामाला लागतात. पहिला पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघायची चाचणी) का हुकला, हे सिम्युलेशन मोडमध्ये एआरपीचं (आयपीवरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारणारं) पाकीट आधी निघालेलं पाहिलं की मुलांना आपसूक कळतं. आणि ॲक्टिव्हिटी विझार्ड! उत्तराचं नेटवर्क एकदा बांधून ठेवलं की काम किती टक्के झालं ते ज्याचं त्याला दिसतं. चाळीस जणांचे 'शो रन' (राउटरची सगळी सेटिंग दाखवणारी कमांड) वाचत बसावं लागत नाही. जुळवणी ठरलेल्या उत्तराशीच होते, त्यामुळे आयपी पत्ते प्रश्नातच नेमून द्या. नाहीतर वेगळा पण बरोबर पत्ता देणारा हुशार मुलगाच मार खातो.

तुमच्याकडे तगडा सर्व्हर असेल, मुलं सीसीएनपीची (सिस्कोचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र) असतील, तर कदाचित तुमचं गणित वेगळं निघेल. नवख्यांसाठी मी तरी पॅकेट ट्रेसरच घेतो. शेवटच्या दोन प्रॅक्टिकलना जीएनएस३ काढतो, पण माझ्याच लॅपटॉपवर, प्रोजेक्टर लावून. आकडा आदल्या रात्रीच भरून ठेवलेला असतो.