डेस्कटॉप अचानक बंद पडतोय: पैसे आधी रॅमवर घालायचे की एसएमपीएसवर?

मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली. तोवर त्यांचा कॉम्प्युटर एका दुकानात जाऊन आला होता आणि येताना निकालही घेऊन आला होता: ‘मदरबोर्ड गेलाय, यात पैसे घालू नका, नवीनच घ्या.’ काकू दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतात, सगळे प्रश्नसंच त्याच डब्यात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, ‘अरे, दुकानात तीन दिवस नीट चालला म्हणे. संध्याकाळी घरी आणला, सातच्या आत दोनदा बंद. मग बोर्ड गेला कसा?’

प्रश्न बिनतोड होता. गेलेला बोर्ड दुकान आणि घर असा भेद करत नाही.

मी इंजिनिअर वगैरे नाही. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टीमीटर असलेला माणूस म्हणून माझ्याकडे डबे येतात. बहुतेक वेळा गाडी शेवटी दोन संशयितांवर येऊन थांबते: रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, आणि एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा. दोघांची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की लोक चुकीच्या वस्तूवर पैसे घालून मोकळे होतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: तपासायला आधी रॅम घ्या, विकत घ्यायला आधी एसएमपीएस.

‘बंद पडतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

निळा पडदा येतो, काहीतरी इंग्रजी मजकूर दिसतो आणि मशीन पुन्हा सुरू होतं, हा एक प्रकार. लाइट गेल्यासारखा स्क्रीन काळा होतो, पंखा थांबतो आणि मशीन एकतर मेल्यासारखं पडून राहतं किंवा आपणहून उठतं, हा दुसरा. चित्र जागच्या जागी गोठतं, माउस हलत नाही, पण पंखा फिरतच राहतो, हा तिसरा. घरात कोणी ‘हँग झाला’ म्हटलं तर यातला कोणता ते खोदून विचारा.

विंडोज आपली रोजनिशी ठेवतं. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, ‘सिस्टीम’ उघडा आणि बंद पडल्याच्या वेळेची लाल नोंद बघा. ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसली की लोक घाबरतात, पण तिचा अर्थ फक्त ‘मागच्या वेळी मी रीतसर बंद झालो नव्हतो’ एवढाच आहे. तपशिलात ‘बगचेककोड’पुढचा आकडा वाचा. तिथे शून्य असेल तर विंडोजला शेवटचा शब्द लिहायलाही उसंत मिळाली नाही: वीज तुटली, मशीन ठार गोठलं, किंवा वैतागून कोणीतरी बटण दाबून धरलं. शून्य नसेल तर निळ्या पडद्याचा कोड सापडला. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट’सारखी नावं आणि दर वेळी वेगळाच कोड, असं असेल तर रॅमकडे वळा. ‘व्हीया’ने (WHEA) सुरू होणारी चूक दिसली तर प्रोसेसर, बोर्ड किंवा त्यांना मिळणारी वीज.

काकूंच्या रोजनिशीत सहा वेळा ४१ आणि सहाही वेळा शून्य.

रॅम: तपासणी फुकट, फक्त धीर हवा

रॅमचं मोठं सुख हे की तिला दोषी ठरवायला एक पैसा लागत नाही. मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घ्यायचं, त्यावरून मशीन सुरू करायचं आणि रात्रभर चालू ठेवायचं. आठ जीबीची एक फेरी जुन्या मशीनवर तास-दीड तास घेते; निदान चार फेऱ्या होऊ द्या. एक जरी चूक दाखवली तरी ती चूकच. ‘एवढीशी चालते’ असं रॅममध्ये नसतं. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक पटकन आटोपतं, पण त्याने ‘ठीक’ म्हटलं म्हणून मी कोणाला सोडत नाही.

चूक निघाली तर रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून एकेक लावून तपासा. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिली तर स्लॉट. खरेदीआधी मात्र आपला देशी उपाय करून बघा: खोडरबर. प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातला स्टॅटिक जाईल, पट्टीच्या सोनेरी कडा पांढऱ्या मऊ रबराने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. हसू येतं, पण पावसाळ्यानंतर निम्म्या तक्रारी मी एवढ्यावर मिटलेल्या पाहिल्यात. माझ्या स्वतःच्या मशीनवर रबर हरलं. एका पट्टीने तिसऱ्या फेरीत चुकांची लाल रांग लावली आणि ती गेली कचऱ्यात.

रॅमचा तोटा पुढे आहे. काकूंचं मशीन चौथ्या पिढीच्या कोअर आय-फाइव्हचं, म्हणजे त्याची रॅम डीडीआर-थ्री या जुन्या प्रकारची. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आज ना उद्या हे मशीन जाणार, आणि डीडीआर-थ्रीची पट्टी नव्या बोर्डात बसतच नाही. तिची खाचच वेगळ्या जागी असते. त्यात घातलेला रुपया त्याच डब्यात राहतो.

एसएमपीएस: तपासायला अवघड, पण पैसे वाया जात नाहीत

इथे सगळं उलटं. एसएमपीएस खराब आहे हे घरी सिद्ध करणं कटकटीचं. हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरतो का बघायची युक्ती सगळ्यांना माहीत असते, पण त्यातून तो जिवंत आहे एवढंच कळतं, ओझं पेलतो का ते नाही. मल्टीमीटरने १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६च्या दरम्यान हवी, ५ची ४.७५ ते ५.२५; मोजायचं ते मशीन कामात असताना. बिनओझ्याचा आकडा सुंदरच येतो. सॉफ्टवेअर दाखवतं त्या व्होल्टेजवर फार भरवसा ठेवू नका, बोर्डाचे सेन्सर अनेकदा वाटेल ते सांगतात. आणि एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज शिल्लक असू शकतो.

खात्रीची चाचणी एकच: दुसरा चांगला एसएमपीएस लावून चार दिवस वापरणं. शेजाऱ्याचा मागा, भाच्याचा मागा.

त्याआधी भिंतीकडे बघा. यूपीएस, स्पाइक बोर्ड, एक्स्टेंशन सगळं बाजूला करून दोन दिवस थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. घरच्या यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि बसलेल्या बॅटरीचा यूपीएस असून नसल्यासारखा. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचा स्विच ‘यूपीएस’वर आहे का पाहा. नुसत्या इन्व्हर्टर मोडवर तो लाइट गेल्यावर बदलायला जास्त वेळ घेतो. पंख्याला ते चालतं, कॉम्प्युटरला नाही.

काकूंचा यूपीएस केव्हाच बाद झाला होता, त्यांनी तो काढूनच ठेवला होता. म्हणून मी संध्याकाळी त्यांच्याकडे नुसता बसून राहिलो. सव्वासहाला वॉचमनने पाण्याची मोटर लावली. ट्यूबलाइट मिचकली आणि त्याच क्षणी डबा गेला. काकू म्हणाल्या, ‘बघ, असंच.’ मोटर सुरू होताना क्षणभर भरमसाट करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं. चांगला एसएमपीएस वीज पूर्ण तुटली तरी साधारण १६ मिलिसेकंद आतल्या कॅपॅसिटरच्या जिवावर तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे जवळजवळ एक अख्खा ठोका चुकला तरी त्याला चालतं. वाळलेल्या कॅपॅसिटरचा एसएमपीएस मिचकण्यालाच मान टाकतो. दुकानात मोटर नव्हती, म्हणून तिथे तीन दिवस आनंद.

मी एसएमपीएस काढून लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर, पंखे आणि डिस्कच्या मोटरी जगतात त्या १२ व्होल्टवरच. सात-आठशे रुपयांच्या, हातात हलक्या लागणाऱ्या एसएमपीएसची हीच कहाणी असते. घेताना हा एक गुणाकार दुकानातच करा. दोन-अडीच हजारांच्या बऱ्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर ३५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसेल, आणि काही वर्षांची वॉरंटीही.

आणि डीडीआर-थ्रीच्या उलट, हा एसएमपीएस नव्या मशीनमध्ये तसाच नेता येतो. रोगाचं निदान अर्धवट चुकलं तरी पैसे बुडत नाहीत. अपवाद कंपन्यांच्या छोट्या, चपट्या डब्यांचा. त्यांचा एसएमपीएस आकाराने आणि पिनेनेही वेगळा असतो, तो मोजून-मापूनच घ्यावा लागतो.

बाकीचे संशयित

उष्णता मोजायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ती आधीच उरकून टाका. नाशिकचा पारा चाळिशीला टेकलेला, त्यात सिंहस्थाच्या कामांनी उडवलेली धूळ. तापमान दाखवणारं एचडब्ल्यू-मॉनिटर चालू ठेवून काम करा. प्रोसेसर शंभरीच्या आसपास गेला की आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं. ब्लोअर मारूनही फरक नसेल तर कूलरच्या चार पिना बोटाने दाबून बघा. इंटेलच्या जुन्या कूलरची एखादी पिन तुटून कोपरा उचलला गेलेला मी दोनदा पाहिलाय. पंखा छान फिरत असतो आणि खाली प्रोसेसर भाजत असतो.

डिस्क सहसा मशीन बंद पाडत नाही, गोठवते. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टल-डिस्क-इन्फोमध्ये ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा आकडा वाढताना दिसला तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घ्या. ‘सीआरसी एरर’ वाढत असेल तर बहुधा नुसती डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल. ‘फॉरमॅट मारून बघू’ हा सल्ला मात्र कोणी दिला तर हात जोडा. अचानक जाणारी वीज फॉरमॅटने परत येत नाही, आणि तुमचा डेटा जातो तो जातोच.

बोर्ड सगळ्यात शेवटी. टॉर्च घेऊन प्रोसेसरभोवतीच्या कॅपॅसिटरची डोकी फुगलीत का बघा. नवीन एसएमपीएस, स्वच्छ मेमटेस्ट, थंड प्रोसेसर आणि तरीही बंद, तेव्हाच बोर्ड गेला म्हणायचं. मग जुना बोर्ड सेकंडहँड शोधण्यापेक्षा नवीन मशीन घेतलेलं बरं.

घरी की दुकानात?

वरचं मेमटेस्ट आणि भिंतीच्या सॉकेटची चाचणी घरीच करा, कारण रोग घरच्या विजेत असेल तर एम. जी. रोडवरच्या एसी दुकानात तो दिसणारच नाही. पार्ट बदलून बघायला सुटा पार्ट कोणाकडेच नसेल तर दुकान हवंच. तेव्हा रोजनिशीतल्या वेळा कागदावर लिहून द्या, कोणता पार्ट बदलून किती तास चालवला ते विचारा आणि काढलेला पार्ट परत मागा. परत द्यायला खळखळ करणाऱ्याकडे मी पुन्हा जात नाही.

काकूंकडे मेमटेस्ट रात्रभर शून्यावर राहिलं. माझा एसएमपीएस चार दिवस त्यांच्या डब्यात होता, मोटर आठ वेळा लागली, मशीन हललं नाही. मग त्यांनी नवीन घेतला. त्यांच्या मुलाने परवा पुण्याहून फोन करून विचारलं, ‘दादा, आता आणखी आठ जीबी रॅम टाकू का?’ मी नको म्हणालो. ते पैसे नव्या मशीनसाठी बाजूला ठेव, आणि तोवर आईच्या प्रश्नसंचांची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून घे.