इंग्लिश लँग्वेज एकटं घ्यायचं की जोडीनं? बडोद्यातून ठरवणाऱ्यांसाठी

भाचीची बारावी झाली आणि आमच्या दांडिया बाजारातल्या घरात महिनाभर हाच विषय चाललाय, इंग्लिश घ्यायचं हे नक्की पण इथे एमएसयूत (महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत) घ्यायचं की इंग्लंडला जाऊन जॉइंट ऑनर्स करायचं, आणि जॉइंट तर कशाबरोबर. मी इथल्याच आर्ट्स फॅकल्टीत इंग्लिश केलंय म्हणून सगळे मलाच विचारतात, तर एकदाचं लिहूनच टाकते.

आधी दोन घोळ निस्तरू. तिकडे इंग्लिश लिटरेचर वेगळं आणि इंग्लिश लँग्वेज वेगळं. लँग्वेजमध्ये कादंबऱ्या-नाटकं फार नसतात, उच्चार, वाक्यरचना, हजार वर्षांपूर्वीची इंग्लिश, लहान मुलं भाषा कशी उचलतात, कोण कुणाशी कसं बोलतं, असलं सगळं. म्हणजे भाषाशास्त्रच, फक्त नमुना म्हणून समोर इंग्लिश. आईला वाटत होतं हा स्पोकन इंग्लिशचा मोठा क्लास आहे 😄 दुसरा घोळ म्हणजे जॉइंट ऑनर्स म्हणजे एकाच युनिव्हर्सिटीत दोन विषय आणि डिग्री एक, तर जॉइंट डिग्री म्हणजे दोन युनिव्हर्सिट्या मिळून देतात ती. चौकशीला जाल तेव्हा नक्की कुठलं ते विचारून घ्या.

आता तुलना. सिंगल, म्हणजे एकच विषय, घेतलं की खोलात जाता येतं, इंग्लंडात 3 वर्षांत 360 क्रेडिट (अभ्यास मोजायचं माप) आणि ती जवळजवळ सगळी भाषेची. जॉइंटमध्ये ढोबळमानाने निम्मी-निम्मी, आणि कात्री लागते ती निवडीच्या पेपरांना, कारण कंपल्सरी तर दोन्हीकडचे करावेच लागतात. दोन डिपार्टमेंट, दोघांच्या सबमिशन एकाच आठवड्यात, प्रबंध बहुतेकदा एकाच विषयात. नावात "अँड" आहे की "विथ" तेही बघा, अँड म्हणजे सारखी वाटणी, विथ म्हणजे दुसरा विषय तोंडी लावायला. स्कॉटलंडला 4 वर्षं लागतात पण पहिली दोन मोकळी असतात, विषय बदलायला वाव राहतो, ज्याचं अजून ठरत नाही त्याला ते जास्त फावेल असं माझं मत.

जोडी कुठली? फ्रेंच किंवा स्पॅनिश घेतलं तर बहुतेक एक वर्ष परदेशात जातं, म्हणजे 4 वर्षं धरा. इतिहासाबरोबर जुनी इंग्लिश छान जमते. सायकॉलॉजी सगळ्यांना हवी असते, पण स्पीच थेरपिस्ट व्हायचं मनात असेल तर या जोडीने ते होत नाही, आपल्याकडे त्याला बीएएसएलपी हा वेगळा 4 वर्षांचा कोर्स आहे. हे आधीच कळलेलं बरं.

इथे राहायचं तर एमएसयूत इंग्लिश मेजर म्हणजे मुख्य विषय आणि जोडीला मायनर, म्हणजे दुय्यम. इंग्लिशचा कल साहित्याकडे जास्त, पण त्याच फॅकल्टीत लिंग्विस्टिक्सचं डिपार्टमेंट आहे हे कितीतरी जणांच्या गावीच नसतं. खर्चाचं तर बोलायलाच नको, घरचं जेवण आणि स्कूटर. शिवाय 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीय, एक रेग्युलर आणि दुसरी इग्नूसारखी डिस्टन्समधून करता येते, मात्र ती वेगळी डिग्री, वेगळी परीक्षा, जॉइंटसारखी कुणी विणून देत नाही. आणि शिक्षकच व्हायचं असेल तर एवढा विचार नको, 4 वर्षांचं इंटिग्रेटेड बीए-बीएड बघा, बीए मग बीएड केलं तर 5 जातात.

माझा कौल विचाराल तर साहित्य वाचायची ओढ असेल तर इथेच शिका, त्यासाठी पौंड मोजू नका. भाषेची ओढ आहे का हे मात्र घरीच तपासता येतं. आपण बडोदेकर, घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्लिश, एका वाक्यात तीन भाषा घुसतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही, तेच जरा कान देऊन ऐका. नाहीतर इंग्लिशमधला व्हेट आणि वेट आरशात बघून म्हणा, ओठ दोन्हीला वेगळे हलतात का? बघण्यात मजा वाटली तर लँग्वेज घ्या, आणि मग सिंगलच घ्या, अर्ध्यावर समाधान होणार नाही. दुसऱ्या विषयावरही तेवढाच जीव असेल तरच जॉइंट. "स्कोप वाढतो" म्हणून घेतलं तर दुसऱ्या वर्षी रडू येतं.

भाचीचं अजून ठरत नाहीये. काल आजी जेवताना म्हणाली, "भाजी सरस झालीय पण मीठ ओछं आहे", तर ही ताट सोडून मोबाइलमध्ये टिपून घेत होती.