लेबलं तीन, खाद्य एकच

डुकरांसाठी तयार खाद्य विकत घेत असाल तर हे वाचा. आमचा विक्रेता तीन प्रकारची पोती द्यायचा: पिल्लांना स्टार्टर, वाढत्या डुकरांना ग्रोअर, विक्रीला आलेल्यांना फिनिशर. लेबलांचे रंग वेगळे, भाव वेगळे, स्टार्टर अर्थातच सगळ्यात महाग. आत मात्र एकच माल, आणि तोही गुरांचा.

ही लबाडी चटकन उघडी पडत नाही ती मोठ्या जनावरांमुळे. 60 किलोंच्या पुढचं डुक्कर 13-14 टक्के प्रथिनांवरही वजन धरतं, त्यामुळे खाद्य बरं वाटतं. दूध तोडलेल्या पिल्लाचं तसं नसतं. त्याला 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, त्यात लायसीन (प्रथिनांतला एक अत्यावश्यक घटक) पुरेसं हवं आणि कोंडा-तूस कमी. आमच्याकडे एकाच वेतातली पिल्लं लहान-मोठी दिसायला लागली. केस राठ, पोटं सुटलेली. गव्हाणीत नाक खुपसून बारीक चुरा तेवढा चाटायची, तूस तसंच मागे. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "जंत झालेत, औषध पाजा." औषधही तोच विकायचा!

व्यालेल्या माद्यांचे हाल वेगळेच. गाभणपणी दिवसाला दोन-अडीच किलो खाद्यावर भागतं, पण पिल्लं अंगावर पीत असताना गरज दुपटीच्या वर जाते. तुसाने पोट भरतं, ताकद येत नाही. माद्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. पिल्लं तोडल्यावर आठवड्याभरात माजावर यायला हव्यात, त्या येईनात.

तक्रार केली तर त्याने प्रयोगशाळेचा कागद पुढे केला, प्रथिनं 18 टक्के. कागद खोटा नव्हता. मेख अशी की नेहमीच्या चाचणीत थेट प्रथिनं मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे 100 किलो खाद्यात एक किलो युरिया घातला की कागदावर प्रथिनं जवळजवळ तीन टक्क्यांनी फुगतात. गाईम्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव त्या युरियाची प्रथिनं करतात. डुकराला ती सोय नाही, त्याच्यासाठी तो युरिया फुकट.

शेवटी तिन्ही पोती ताडपत्रीवर शेजारी-शेजारी ओतली. गोळ्यांची जाडी तीच, रंग तोच, तुसाचे तुकडेही तेच. मूठभर खाद्य कुटून कोमट पाण्यात कालवलं, त्यात कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकून बरणीला झाकण लावलं. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) युरियाचा अमोनिया करतं. थोड्या वेळाने झाकण काढलं तर नाकात झणका गेला, आणि तांबडा लिटमस कागद निळा झाला. सोयाबीन भाजलेलं असेल तर ही परीक्षा चालत नाही, भाजल्यावर युरिएज मरतं.

विक्रेत्याने उरलेली पोती निमूट उचलली. पैशांचं विचारलं की "बघू". आता आम्ही तपासणीला नमुना देताना क्रूड प्रोटीनसोबत (म्हणजे नायट्रोजनवरून काढलेल्या प्रथिनांसोबत) युरिया, तंतू आणि लायसीनही लिहून मागतो. माल उतरला की चार-पाच पोत्यांतून थोडं थोडं काढून, विक्रेत्याच्या माणसासमोरच दोन पिशव्या सीलबंद करतो. एक तपासणीला, दुसरी बॅच क्रमांक आणि बिलासोबत आमच्याकडे. ज्याला हे चालत नाही, त्याची गाडी आम्ही उतरवून घेत नाही.