मुलांच्या शिक्षणावर करसवलत: फी खिशातून भरावी की कर्ज काढावं?

प्रवेशाचे दिवस आले की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नोकरदार घरांत एक हिशेब हमखास निघतो. मुलगा किंवा मुलगी पुण्या-नाशिकला इंजिनिअरिंगला निघालेली असते. फी साठवलेल्या पैशातून भरायची की बँकेचं शैक्षणिक कर्ज करायचं, हा प्रश्न असतो. तेवढ्यात कोणीतरी आप्पा, नाना सांगतात, "कर्ज काढ, टॅक्स वाचतो." वाचतो, पण सगळ्यांचा नाही.

आधी तुम्ही कुठल्या करप्रणालीत आहात ते पाहा: सवलती देणाऱ्या जुन्या की कमी दराच्या नव्या. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात आयकर कायद्याच्या फीसाठीच्या ८०सी आणि कर्जाच्या व्याजासाठीच्या ८०ई, या दोन्ही कलमांच्या सवलती मिळत नाहीत. पण २०२५-२६ पासून याच नव्या प्रणालीत पगारदाराला वर्षाला १२.७५ लाखांपर्यंत करच लागत नाही. त्यामुळे नऊ-दहा लाख पगाराच्या शिक्षकाने किंवा कारकुनाने करासाठी कर्ज काढणं म्हणजे तापीला पूर असताना टँकर मागवण्यासारखं आहे. त्यांनी फक्त व्याजदर आणि हप्ता पाहावा. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, पण बोलताना सगळे अजून ८०सी, ८०ई असंच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

ज्यांचा पगार त्याच्या वर आहे आणि जुन्या प्रणालीत राहणं ज्यांना परवडतं, त्यांच्यासाठी खरी तुलना इथून सुरू होते.

८०सी मध्ये फक्त शाळा-कॉलेजचं शिकवणी शुल्क (ट्युशन फी) धरतात, तेही भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणाचं आणि दोन मुलांपुरतं. नवरा-बायको दोघे कमावते असतील तर ज्याने जी फी भरली ती त्याने दाखवायची, आणि दोन मुलांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी. कॉलेजची पावती नीट वाचा. वरच्या ओळीत शिकवणी शुल्क, त्याखाली विकास शुल्क, वसतिगृह, बस, अनामत. यातली वरची ओळ तेवढी चालते. देणगी म्हणून घेतलेले पैसे तर मुळीच नाहीत. मुलीला सरकारी योजनेतून फीमाफी मिळाली असेल, तर न भरलेल्या फीवर सवलत कशी मिळणार?

त्याहून मोठी अडचण अशी की ८०सी ची एकूण मर्यादा दीड लाख. पगारातून कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी, एलआयसीचे हप्ते, घरकर्जाची मुद्दल यांतच ती बहुतेकांची भरून जाते. अशा घरात लाखाची फी भरली तरी करात एक रुपयाचा फरक पडत नाही. हे सीए सांगतो तेव्हा चेहरे पाहण्यासारखे होतात.

८०ई चं तसं नाही. व्याजाला वरची मर्यादाच नाही. बारावीनंतरचा कुठलाही अभ्यासक्रम चालतो, परदेशातलाही. पुण्यातली खोली, मेस, लॅपटॉप यांचा खर्च शैक्षणिक कर्जात धरला असेल तर त्यावरचं व्याजही मोजलं जातं. खानदेशातून बाहेर शिकायला जाणाऱ्यांच्या बाबतीत राहण्या-खाण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा. मुद्दलावर मात्र काहीच नाही. शिवाय सवलत आठच वर्षं: व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष आणि पुढची सात. कोर्स चालू असतानाच बापाने व्याज भरायला घेतलं तर घड्याळ तेव्हाच सुरू होतं. तरी केवळ त्यासाठी व्याज तुंबवू नका, थकलेलं व्याज शेवटी मुद्दलातच चढतं.

कर्ज कोणाकडून, हेही पाहावं लागतं. बँक चालते, आपल्या भागात घरोघरी चालणारी पतसंस्था चालत नाही, मामाने दिलेले पैसे तर नाहीतच. आणि कर्ज कोणाच्या नावावर? स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठीच सवलत आहे. इथेच अनेक घरं फसतात. वडील रावेर-यावलला केळी पिकवतात, शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून नोकरीतला मोठा भाऊ धाकट्या बहिणीसाठी कर्ज काढतो. भाऊ-बहीण त्या यादीत बसत नाहीत. भाऊ कायदेशीर पालक नसेल तर व्याज भरूनही हाती शून्य. त्यापेक्षा कर्ज बहिणीच्या नावावर असू द्या. नोकरी लागल्यावर तीच व्याज भरेल आणि जुनी प्रणाली निवडली तर सवलतही तीच घेईल.

आता आकडा. १५ लाख पगार धरा, दर २०२५-२६ चे. नव्या प्रणालीत उपकरासह कर ९७,५०० रुपये. जुन्या प्रणालीत ८०सी चे दीड लाख, घरकर्जाचं दोन लाख व्याज, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) जादा ५०,००० आणि मेडिक्लेमचे २५,००० एवढं सगळं दाखवूनही कर जास्तच येतो. बरोबरी साधायला वर आणखी १,१८,७५० रुपये शैक्षणिक कर्जाचं व्याज लागतं. १२ लाखांचं कर्ज, १० टक्के दर धरला तर पहिल्या वर्षी साधारण तेवढंच व्याज होतं. म्हणजे एवढं सगळं करून जेमतेम बरोबरी! घरकर्ज नसेल तर या पगाराला जुन्या प्रणालीचा विचारच सोडा.

माझं मत विचाराल तर पैसे हाताशी असतील तर फी भरून मोकळं व्हा, ८०सी मध्ये जागा असली तर ठीक, नसली तरी ठीक. २० टक्क्यांच्या टप्प्यात एक लाख व्याजावर उपकरासह २०,८०० रुपये वाचतात, पण ७९,२०० खिशातून जातातच. कर्ज घ्यावं ते पैसे नाहीत म्हणून, किंवा शेत-घर गहाण टाकण्याची वेळ टळावी म्हणून. ते घेतलंच, आणि घरकर्जही चालू असेल, तर दरवर्षी दोन्ही प्रणालींत हिशेब मांडा. पगारदाराला विवरणपत्र मुदतीत भरताना दरवर्षी प्रणाली बदलता येते. दुकान किंवा धंदा असणाऱ्याला नव्यातून जुन्यात गेल्यावर एकदाच परत फिरता येतं, त्याने आधी सीएला विचारावं.

८०ई दाखवायचं असेल तर बँकेकडून मुद्दल आणि व्याज वेगळं लिहिलेला दाखला मार्चनंतर लगेच मागून ठेवा. विवरणपत्रात आता बँकेचं नाव, कर्जखाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शिल्लक रक्कमही भरावी लागते.