संडास-बाथरूमसाठी ॲसिड की ब्लीच? काय ठेवावं, उरलेलं कसं टाकावं

आधी डाग कसला आहे ते बघा. बोअरचं पाणी असलेल्या घरात संडासाच्या भांड्याला पिवळट-पांढरा, खरखरीत थर बसतो तो क्षार. त्यावर ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं पातळ द्रावण) कितीही ओतलं तरी थर जागचा हलत नाही, फक्त रंग उडतो. क्षाराला आम्लच लागतं. काळी बुरशी, मोरीचा वास, आजारी माणसाच्या खोलीची फरशी ही कामं ब्लीचची. लोखंडाचे तांबूस डाग ब्लीचने उलट पक्के होतात.

ॲसिड घ्यायचंच तर कोणतं? बाटलीतल्या दाट टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण 10 टक्के असतं. सुटं ॲसिड 30 टक्क्यांच्या आसपास जातं, आणि ते घरात आणूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. झाकण जरा सैल राहिलं की वाफा निघतात आणि शेजारचे नळ, बिजागऱ्या, गिझरचं कव्हर गंजायला लागतं. ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलं तर एखादं तहानलेलं पोर तोंडाला लावतं. सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ओळखपत्र आणि नोंदवहीची अट घातली, तरी ते काही ठिकाणी सहज मिळतं.

फरशीचं बघा. कडाप्पा, शहाबादी आणि संगमरवर यांच्यात चुना असतो. आम्लाचा थेंब पडला की तिथे बारीक फेस येतो आणि चकाकी जाऊन पांढुरका खड्डा राहतो. तो पुसून जात नाही. म्हणून टॉयलेट क्लीनर भांड्यापुरताच वापरा, ओट्यावर किंवा मोरीच्या फरशीवर नको.

ब्लीच फरशीला त्या मानाने सौम्य, पण ते टिकत नाही. ऊन आणि उष्णतेने त्याचा जोर काही महिन्यांत उतरतो, म्हणून अपारदर्शक बाटलीत, सावलीत ठेवा आणि लहान बाटलीच घ्या. त्यातून हळूहळू वायू सुटत असतो, त्यामुळे दुसऱ्या घट्ट बुचाच्या बाटलीत ओतलं तर ती फुगते. फरशी निर्जंतुक करायला 5 टक्क्यांचं ब्लीच 20 मिली घेऊन पाण्याने 1 लिटर करा. आधी साबणाने मळ काढा, मग हे पाणी लावून 10 मिनिटं ओलं राहू द्या. मळावर टाकलेलं ब्लीच मळातच संपतं. पाणी रोजच्या रोज ताजं करा.

सगळ्यात मोठा धोका दोन्ही एकत्र येण्याचा. भांड्यात क्लीनर पडलेलं असताना "अजून स्वच्छ होईल" म्हणून वरून ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, छाती आवळते. असं झालं तर फ्लश करायलाही थांबू नका. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, श्वास लागत असेल तर 108 ला फोन करा. व्हिनेगर आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणही ब्लीचपासून लांब ठेवा. डोळ्यात काही उडालं तर वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटं धुवा. कोणी प्यायलं तर उलटी करवू नका. अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

आमची निवड अशी: क्षार असेल तर दाट क्लीनरची एक बाटली संडासात, आणि ब्लीच हवंच असेल तर ते वेगळ्या खोलीत, उंच कपाटात. दोन्हींचा वापर वेगवेगळ्या दिवशी, मध्ये दोनदा फ्लश.

उरलेल्या क्लीनरची विल्हेवाट म्हणजे ते नेहमीच्या मापाने वापरून संपवणं. ब्लीच जुनं झालं तर संडासाच्या स्वच्छ धुतलेल्या भांड्यात थोडं थोडं, भरपूर पाण्यासोबत सोडा; सेप्टिक टँक असेल तर एकदम ओतू नका, तिथले जीवाणू मरतात. घरात सुटं ॲसिड पडून असेल तर हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर, प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर पाणी घ्या आणि त्यात 100 मिली ॲसिड हळूहळू सोडा. ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, ते उसळून अंगावर येतं. मग खायचा सोडा चमच्याचमच्याने टाका. एवढ्याला सुमारे 80 ग्रॅम लागतो. नवा चमचा टाकल्यावर फेस आला नाही की झालं, ते पाणी संडासात सोडा. बाटली तीनदा विसळा, तिला भोक पाडा म्हणजे कोणी त्यात तेल किंवा पाणी भरणार नाही, आणि घंटागाडीत घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी सांगून द्या.